ए-टू, ए-थ्री आणि बाबांचं सिमेंट

तुमच्या दातांचा रंग कोणता, असं कुणी अचानक विचारलं तर काय सांगाल? पांढरा? छे! टूथपेस्टच्या जाहिरातीतली माणसं सोडली तर पांढरेशुभ्र दात कुणाचेच नसतात. माझा रंग ए-टू. तोसुद्धा सगळीकडे नाही हं. हिरडीजवळ ए-थ्री, मधे ए-टू आणि अगदी टोकाला तर रंगच नाही, नुसती दुधी काच. डेंटिस्टकडे सोळा खोट्या दातांची एक पट्टी असते. मॅचिंग सेंटरमध्ये साडीचा पदर काउंटरवर पसरून ब्लाउजपीस लावून बघतात ना, अगदी तस्संच आपल्या ओठापाशी एकेक दात धरून बघितला जातो. ए म्हणजे लालसर तपकिरी घराणं, बी म्हणजे लालसर पिवळं, सी राखाडी आणि डी लालसर राखाडी. आकडा वाढला की रंग गडद. व्हिटा या जर्मन कंपनीने १९५६ मध्ये ही पट्टी काढली आणि आजही जगभरचे डेंटिस्ट याच भाषेत बोलतात.

हे सगळं ज्ञान मला गेल्या वर्षी एका आठवड्यात मिळालं. त्या आठवड्यात आमच्या घरातल्या दोन माणसांच्या दातांत फिलिंग झालं. एक माझं, एक बाबांचं. डॉक्टर त्याच, खुर्ची तीच, दोन्ही फिलिंग्ज दाताच्या रंगाची. पण मटेरियल वेगळं आणि त्यामागचं कारण तर फारच वेगळं. आधी माझं सांगते, कारण ते सोपं आहे.

सोमवार सकाळ. कोथरूड ते हिंजवडी. ऑफिसची कॅब, तोंडाला स्टीलची बाटली आणि चाकाखाली पट्टे न मारलेला स्पीडब्रेकर. टक्! वरच्या पुढच्या दाताचा कोपरा गायब. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा उघडून बघितलं, तर मी एकदम शाळेतल्या मारामारीतून आल्यासारखी दिसत होते. गुरुवारी तीस लोकांसमोर प्रेझेंटेशन. (तुटलेला तुकडा मिळाला तर तो दुधात किंवा पाण्यात ठेवून डॉक्टरांकडे न्यायचा. बऱ्याचदा तोच परत चिकटवता येतो. माझा कॅबच्या मॅटखाली कुठे गेला देव जाणे, पण तुम्ही लक्षात ठेवा.)

आमच्या डॉक्टर मॅडम आईच्या वयाच्या. हात चालू असताना तोंडही चालू असणाऱ्या. समोरच्याचं तोंड उघडं असल्यामुळे तो काही बोलू शकत नाही, हा त्यांच्या धंद्यातला मोठाच फायदा! त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? लिपस्टिक पुसायला लावली. दुसरं, मला खिडकीशी उभं केलं. रंग बघायचा तो दिवसाउजेडी आणि दात ओला असताना. तोंड उघडं ठेवून काही मिनिटं गेली की दात कोरडा पडतो आणि होता त्यापेक्षा पांढरट दिसायला लागतो. तेव्हा शेड घेतली की संपलंच. फिलिंग आज झक्कास दिसतं आणि दुसऱ्या दिवशी दात परत ओला झाला की शेजारी वेगळं उठून दिसतं. त्यांनी पट्टीवर विश्वास ठेवला नाहीच. खऱ्या मटेरियलचा मोहरीएवढा ठिपका दातावर नुसताच ठेवला, त्यावर लाइट मारला, लांब जाऊन डोळे बारीक करून बघितलं आणि ठिपका उडवून टाकला. ‘ए-टू, पण आतून ए-थ्री लागेल गं,’ असं काहीतरी पुटपुटल्या.

या मटेरियलचं नाव कॉम्पोझिट. म्हणजे काय, ते समजायला लोणावळ्याची चिक्की डोळ्यासमोर आणा. गूळ म्हणजे प्लॅस्टिकसारखं रेझिन आणि दाणे म्हणजे काचेची, सिलिकाची अतिशय बारीक भुकटी. वजनाने बघितलं तर पाऊण हिस्सा भुकटीच. दाणे जास्त, गूळ कमी, की चिक्की कडक. इथेही तेच. फरक एवढाच, की दाण्याला गूळ आपोआप चिकटतो, काचेला रेझिन चिकटत नाही. म्हणून प्रत्येक कणाला आधी सायलेनचा हात द्यावा लागतो. ही युक्ती राफाएल बोवेन या अमेरिकन डेंटिस्टची. नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये काम करताना त्याने बिस-जीएमए नावाचं रेझिन तयार केलं आणि १९६२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्यानंतर भुकटी बारीक बारीक होत गेली, आता तर नॅनोवर आलीय, पण मूळ रेसिपी अजून बरीचशी तीच.

पण दातावर ते टिकतं कसं? दात ओला, गुळगुळीत, आणि दिवसभर चावणारा. इथे दुसरे गृहस्थ येतात, मायकल बुओनोकोर. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचे. त्यांच्या लक्षात आलं, की कारखान्यात पत्र्याला रंग नीट धरावा म्हणून आधी फॉस्फोरिक अॅसिड लावतात. मग दाताला का नाही? १९५५ मध्ये त्यांनी तसा प्रयोग छापला. ऐकायला भयंकर वाटतं ना, दाताला अॅसिड! पण माझ्याही दाताला लावलं. निळ्या रंगाची जेल, पंधरा-वीस सेकंद, जिभेला चुकून लागली तर लिंबासारखी आंबट. धुऊन वाळवलं की तेवढाच भाग खडूसारखा पांढराफटक दिसतो. एनॅमलमध्ये लाखो सूक्ष्म खाचा पडलेल्या असतात. त्यात पातळ बाँड शिरतो, लाइटखाली कडक होतो आणि आतल्या आत अडकून बसतो. आमच्या बिल्डिंगला प्लास्टर करण्याआधी गवंडी सिमेंटच्या भिंतीला टोचे मारत होता, ते आठवलं. तोच फंडा.

मग सुरू झालं खरं काम. मागच्या बाजूने काचेसारखा पातळ थर. त्यावर आतला गडद थर, म्हणजे तो ए-थ्री. त्यावर ए-टू. टोकाला परत पारदर्शक. प्रत्येक थर ब्रशने, बारीक पात्याने घडवायचा आणि मग वीस सेकंद निळा लाइट. पूर्वी यासाठी हॅलोजनचा दिवा असायचा, आता एलईडी. ज्या निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, त्याच कुळातला. आणि गंमत ऐका. हा लाइट पडल्यावर जे रसायन जागं होतं ते कॅम्फरक्विनोन. म्हणजे कापरापासून बनवलेलं! आरतीचा कापूर माझ्या दातात असं रूप घेऊन येईल, असं कुणाला वाटलं असतं?

एकदम सगळं भरून एकदाच लाइट का नाही मारत, असा प्रश्न मला पडला होता. अर्थातच तोंड उघडं असल्यामुळे विचारता आला नाही, पण मॅडमनी न विचारता सांगितलं. एक तर उजेड खोलवर पोचत नाही. साध्या कॉम्पोझिटचा थर दोन मिलिमीटरपर्यंतच ठेवायचा. आणि दुसरं म्हणजे हे मटेरियल कडक होताना आक्रसतं, साधारण दोन-तीन टक्के. पुढच्या दाताच्या कोपऱ्याला त्याचं फार काही नसतं, पण दाढेच्या खड्ड्यात चारही बाजूंना चिकटलेलं मटेरियल आक्रसलं की भिंती आत ओढल्या जातात. मग कधी कड सुटते, कधी चावताना कळ येते. त्या फटीत पुन्हा कीड. म्हणून दाढेत थोडं थोडं, तिरकं तिरकं भरायचं. हल्ली चार मिलिमीटर एकदम भरता येणारी बल्क-फिल कॉम्पोझिटं मिळतात, घाईच्या शहरांसाठी उत्तमच. पण दाढेला लाळेचा एक थेंब लागला तरी सगळा बाँड वाया, ही अट कोणत्याच कॉम्पोझिटने माफ केलेली नाही. म्हणून ती रबरची चादर. रबर डॅम म्हणतात तिला. तुमचा डेंटिस्ट ती लावत असेल तर कटकट करू नका, नशीबवान आहात!

तासाभरात माझा दात परत आला. खडबडीत ते मऊ अशा चार चकत्यांनी पॉलिश, निळा कागद चावून बघणं, बस. दोन दिवस चहा, कॉफी आणि हळद बंद. हळद! म्हणजे वरण, भाजी, आमटी, पोहे... मराठी माणसाने खायचं तरी काय? मी दोन दिवस दहीभातावर काढले. पण त्या सांगत होत्या त्यात तथ्य आहे. कॉम्पोझिटवर डाग पाडण्यात हळद फारच वरच्या नंबरात असते. डाग बरेचसे पॉलिशने निघतात, ही त्यातली बरी बातमी. शिवाय या दाताने चकली, ऊस, पेरू तोडायचा नाही, कायमचाच. गुरुवारी प्रेझेंटेशन झालं. कुणालाही काहीही कळलं नाही. माझा विषय संपला.

मधल्या मधे आईचाही एक प्रश्न होता. तिच्या दोन दाढांत लग्नाआधीची चांदी आहे. ‘आता तुझ्यासारखं पांढरं करून घेऊ का? त्यात पारा असतो म्हणे.’ असतो, चांगला निम्मा. आणि त्या चांदीचे दिवसही भरत आलेत. युरोपियन युनियनने १ जानेवारी २०२५ पासून ती जवळजवळ बंदच केली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हात मिनामाता करारातल्या देशांनी २०३४ पर्यंत ती जगभरातून घालवायचं ठरवलं. पण मॅडमनी आईची दाढ आरशाने बघितली, टोकाने कड तपासली आणि म्हणाल्या, ‘वहिनी, ही छान बसलीय. उगाच उकरायची नाही.’ उकरताना चांगला दातही थोडा जातो आणि पाऱ्याची वाफही तेव्हाच जास्त निघते. अमेरिकेच्या एफडीएनेही २०२० मध्ये गरोदर बायका, लहान मुलं वगैरेंसाठी नवीन चांदी टाळा म्हणताना, सुस्थितीतली जुनी काढत बसू नका असंच सांगितलंय. आईचा थोडा विरस झाला. तिला मॅचिंग हवं होतं.

आता बाबा.

बाबा बँकेतून रिटायर झाले. आमच्या सोसायटीच्या गणपतीत पंचवीस वर्षं माइक त्यांच्याच हातात. आणि खिशात चुना-तंबाखूची डबी. २०२३ मध्ये जिभेच्या डाव्या कडेला बरी न होणारी जखम झाली आणि पुढचं तुम्हाला माहीत असेल, आपल्याकडे जवळजवळ प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी असं घर असतं. ऑपरेशन. मग आठवड्याचे पाच दिवस असं सहा आठवडे रेडिएशन. बाबा त्यातून बाहेर आले. डबी सुटली. दर तपासणीला रिपोर्ट चांगला येतो. आम्ही हुश्श केलं.

पण रेडिएशन कॅन्सरच्या पेशींबरोबर लाळेच्या ग्रंथींनाही भाजून काढतं. लाळ म्हणजे आपल्याला थुंकण्याचीच गोष्ट वाटते. प्रत्यक्षात ती दातांची चोवीस तासांची वॉचमन. जेवणानंतरचं अॅसिड धुऊन काढते, एनॅमलमधून निघालेलं कॅल्शियम परत भरते. ती आटली की वर्षा-दीड वर्षात चांगले दात हिरडीजवळ, मानेपाशी, चहूबाजूंनी पोखरायला लागतात. साधी कीड दाढेच्या खाचेत किंवा दोन दातांच्या मधे लागते. ही लागते गळ्याभोवती, फास बसल्यासारखी. बाबांच्या खालच्या पाच दातांना ती लागली होती. उजवा सुळा सगळ्यात वाईट. एक्स-रेत कीड नसेपासून केसभर अंतरावर दिसत होती.

‘मग काढून टाका ना,’ बाबा म्हणाले. त्यांचा आवाज आता थोडा बोबडा येतो. बोलताना तोंडापुढे रुमाल धरतात. ‘पाच दात काढा, कवळी बसवा. या वयात किती लाड करायचे!’

मॅडम एरवी हसून बोलतात. तेव्हा हसल्या नाहीत. खुर्ची सरळ केली, समोर स्टूल ओढून बसल्या. ‘काका, तुमच्या बाबतीत दात काढणं हा शेवटचा उपाय, आणि तोसुद्धा मी एकटीने ठरवणार नाही.’ रेडिएशन घेतलेल्या जबड्याच्या हाडातला रक्तपुरवठा कमी झालेला असतो. विशेषतः खालच्या जबड्यातला. दात काढल्यावर आपल्याला सात-आठ दिवसांत जखम भरायची सवय असते. तिथे ती महिनोन्महिने भरत नाही, हाड उघडं पडतं, मरू शकतं. मग जबड्याचा तुकडाच काढायची वेळ येते. हा धोका वर्षं उलटली म्हणून संपत नाही. म्हणूनच रेडिएशनच्या आधी दात तपासून, जे वाचणार नाहीत ते काढून, जखम भरल्यावरच किरणं सुरू करतात. बाबांच्या दोन दाढा तेव्हाच काढल्या होत्या. आम्हाला तेव्हा वाटलं होतं, एवढ्या मोठ्या ऑपरेशनच्या धामधुमीत दाढा काय घेऊन बसलेत हे लोक? आता कळत होतं. (तुमच्या घरात कुणाला डोक्या-मानेचं रेडिएशन घ्यायचं असेल तर पहिल्या सिटिंगच्या आधी डेंटिस्टची चिठ्ठी झालीय का बघा. प्लीज.)

म्हणजे एक साधा सुळा. पण तो टिकवायचाच होता.

त्या रात्री न्यू जर्सीहून दादाचा फोन. त्याने गुगलवर सगळं वाचलेलं. ‘हे बघ, पैशाचं बघू नकोस. पाचही दातांना झिरकोनियाच्या कॅप्स टाक. नाहीतर तुला भरलं ना, ते नॅनोवालं बेस्ट मटेरियल. बाबांना सिमेंट भरणार म्हणजे काय? आपण काय भिंत बांधतोय का?’

दादाचं दुखणं मला समजत होतं. तो ऑपरेशनला येऊ शकला नव्हता. मी त्याला शनिवारी स्पीकरवर घेतलं आणि फोन मॅडमसमोर ठेवला.

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. कॅप बसवायची तर दात चहूबाजूंनी तासावा लागतो आणि कॅपची कड येऊन टेकते कुठे? हिरडीपाशी. बरोबर तिथेच, जिथे या तोंडात कीड लागते. बाहेरून चकाचक आणि कडेखालून दात पोखरलेला, हे सहा महिन्यांनी एक्स-रे काढल्याशिवाय कळणारही नाही. कॉम्पोझिट? ते एनॅमलला धरतं ते भन्नाट धरतं. पण दाताच्या मानेखाली, मुळाच्या भागावर एनॅमल नसतंच. तिथे डेंटिन. त्याच्यात पाण्याने भरलेल्या नळ्या. बाँड तिथेही धरतो, १९८० नंतर जपानी संशोधकांनी त्यावर भरपूर काम केलंय, पण भरवसा एनॅमलइतका नाही. त्यात बाबांचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. रबर डॅम बसणार कसा, लाइटचं टोक सरळ पोचणार कसं? आणि मुख्य म्हणजे कॉम्पोझिट देखणं आहे, पण स्वतः काही करत नाही. कीड आली तर बघत बसतं.

आणि सिमेंट? त्याचं पूर्ण नाव ग्लास आयोनोमर. आपल्याकडे सगळे जीआयसी म्हणतात. हे अमेरिकेचं नाही, लंडनचं. तिथल्या सरकारी केमिस्टच्या लॅबोरेटरीत अॅलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी बनवलं, १९७२ मध्ये जगाला सांगितलं. त्याआधी पुढच्या दातांत सिलिकेट नावाचं सिमेंट भरायचे. ते झिजायचं, पण त्याच्याभोवती कीड फार लागत नाही असं डॉक्टरांना दिसलं होतं, कारण त्याच्या काचेतून फ्लोराइड झिरपायचं. दुसरीकडे पॉलिअॅक्रिलिक अॅसिड वापरलेलं एक सिमेंट होतं, ते दाताला चिकटायचं. विल्सन-केंटनी एकाची काच घेतली आणि दुसऱ्याचं अॅसिड. जुळलं!

याला अॅसिडने खाचा पाडून अडकवावं लागत नाही. त्यातलं अॅसिड दातातल्या कॅल्शियमशी थेट रासायनिक सोयरीक करतं. थोडी ओल चालते, उलट एकदम कोरडं पडलं तर तडकतं. गरम-गार लागल्यावर दाताइतकंच प्रसरण पावतं. आणि फ्लोराइड सोडत राहतं. सुरुवातीला जास्त, मग कमी कमी. पण वरून फ्लोराइड लावलं की ते शोषून घेतं आणि परत हळूहळू सोडतं. ‘मोबाइलसारखं चार्जिंगला लावायचं,’ असं मॅडम म्हणाल्या तेव्हा दादा पलीकडून पहिल्यांदा हसला.

वीज नाही, ड्रिल नाही, अशा ठिकाणीही हेच सिमेंट उपयोगी पडलं. १९८० च्या दशकात टांझानियात नुसत्या हाताच्या अवजारांनी कीड खरवडून त्यात सिमेंट भरण्याची पद्धत सुरू झाली आणि पुढे ती अनेक देशांत गेली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत जीआयसी घातलं. माझ्या नॅनोवाल्या मटेरियलला हा मान तेव्हा नव्हता, हे आपलं जाता जाता.

दोष? भरपूर. ठिसूळ आहे. चावण्याच्या जागी मोठं फिलिंग असेल तर लवकर झिजतं, तुटतं. दिसायला थोडं मठ्ठ, त्यात दाताची ती आतली चमक नाही. बाबांसारख्या कोरड्या, आंबट तोंडात तर ते स्वतःच विरघळत जातं. मॅडमनी हे लपवलं नाही. ‘हे झिजणार आहे काका. दर तीन महिन्यांनी मी बघणार आणि लागेल तिथे परत भरणार. सिमेंट गेलं तर मला चालेल. त्याच्या कडेचा दात जाता कामा नये.’ आणि एवढं सांगूनही त्यांनी बजावलं, की फिलिंगपेक्षा मोठं काम बाबांनी रोज रात्री करायचंय. दातांच्या मापाचा ट्रे, त्यात फ्लोराइड जेल, रोज, न चुकता, आयुष्यभर. जेल न्यूट्रलच हवं. आंबट जातीचं फ्लोराइड जेल या सिमेंटचीच काच खातं.

दादा म्हणाला, ‘ठीक आहे. भरा.’ मग थांबून, ‘थँक यू, डॉक्टर.’

सुळ्याला अर्धा तास लागला. ड्रिल जवळजवळ वापरलंच नाही. चमच्यासारख्या छोट्या अवजाराने मऊ झालेली कीड खरवडून काढली. कडा स्वच्छ, कडक. पण तळाशी, नसेच्या अगदी जवळ, मुद्दाम थोडा मऊ थर तसाच ठेवला. तो काढायला गेलं तर नस उघडी पडते. वरून घट्ट बंद केलं तर खालच्या जंतूंची उपासमार होते आणि दाताला सावरायला वेळ मिळतो. सावरेलच असं नाही. नाही सावरला तर रूट कॅनाल, आणि वरचा दात तुटलाच तर मूळ तसंच हाडात ठेवून द्यायचं, पण उपटायचं नाही. असा सगळा प्लॅन त्यांनी बाबांच्या फाइलवर लिहून ठेवला.

असिस्टंटने कागदाच्या पॅडवर भुकटी आणि चिकट द्रव ओतला. प्लॅस्टिकच्या पट्टीने भराभर घोटला. ते चकचकीत आहे तोवरच दातात गेलं पाहिजे, चमक गेली की चिकटण्याची ताकदही गेली. सुळ्यात ते भरलं, काही मिनिटं धरून ठेवलं, कडक झाल्यावर वरून वार्निशचा हात. बाकीच्या चार दातांत त्याचाच चुलत भाऊ भरला, त्यात थोडं रेझिन मिसळलेलं असतं, ते लाइटने लगेच कडक होतं.

भरण्याआधी मॅडमनी ती सोळा दातांची पट्टी काढली होती. बाबा चक्क ओशाळले. ‘अहो, मला कशाला मॅचिंग? माझं कोण बघतंय?’

‘मी बघतेय ना,’ मॅडम म्हणाल्या आणि त्यांना खिडकीशी नेलं. ए-थ्री पॉइंट फाइव्ह. सिमेंटच्या शेड्स मोजक्याच असतात, त्यातल्या त्यात जवळची त्यांनी निवडली. बाबांनी आरशात बघितलं. रुमाल हातातच होता, पण बराच वेळ वर गेला नाही. आरसा परत देताना म्हणाले, ‘डावीकडचा जरा पिवळा झालाय.’ म्हणजे बाबा नीट बघत होते तर!

घरी आता रोज रात्री साडेनऊला ट्रे. पाच मिनिटं बोलायचं नाही, गिळायचं नाही. त्या पाच मिनिटांत आई हवं ते बोलून घेते. भाकरी आमटीत कुस्करून, पाण्याची बाटली सतत जवळ, गोळ्या-बिस्किटं बंद. दादाने तिकडून लाळेसारखा स्प्रे पाठवलाय, तो बाबा फक्त दादाचा व्हिडिओ कॉल आला की वापरतात.

तीन महिन्यांनी तपासणीला गेलो. मॅडमनी कापसाच्या बोळ्यावर गार स्प्रे मारला आणि सुळ्यावर टेकवला. नस जिवंत आहे का बघायची ही सोपी टेस्ट. काहीच जाणवलं नाही तर बातमी वाईट असू शकते. जाणवून लगेच थांबलं तर चांगली. बाबा डोळे मिटून बसले होते. एक सेकंद. दोन.

‘स्स! लागलं!’

‘आता?’

‘गेलं.’

मॅडमनी फाइलवर टिकमार्क केली. एक्स-रेत खालचं हाडही शांत होतं. शेजारच्या दाताचं सिमेंट मात्र कडेने झिजलं होतं, अपेक्षेप्रमाणे. ते त्यांनी तिथल्या तिथे खरवडून नवीन भरलं आणि पुढची तारीख दिली. येताना ट्रे घेऊन या, म्हणाल्या, सैल झाला असेल तर नवा करू.